बुरुजाच्या पायाची माती

रोहिणी नक्षत्र निघायला आठ-पंधरा दिवस उरले की माझी नजर आपोआप घरांच्या माथ्याकडे जाते. खरं तर आता तिथे बघण्यासारखं काही नाही. स्लॅब, त्यावर काळी टाकी, डिशची तबकडी, जुन्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया. पावसाळा तोंडावर आला म्हणून कुणी वर चढत नाही. फार तर गच्चीच्या नळीत अडकलेला पाला काढतात आणि खाली उतरतात. मी मात्र मान वर करून रस्त्यानं चालते. शेजारणी म्हणतात, बाई रिटायर झाल्यापासून आभाळाकडं बघत चालायल्यात. म्हणू द्या. तीस-बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांकडे खाली बघून काढली, आता थोडं वर बघते.

माझ्या लहानपणी गावात सगळी माळवदाची घरं. मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर तुराट्या आणि तुराट्यांवर मातीचा जाड थर. ही माती दरवर्षी पावसाआधी नव्यानं टाकावी लागे. रानातली काळी माती त्या कामाची नाही. ती उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी थेट चुलीत उतरतं. माळवदाला पांढरी माती लागते. ती पाणी पिते आणि घट्ट बसते. आणि पांढरी माती आमच्या गावात एकाच ठिकाणी होती, देशमुखांच्या गढीत.

गावाचं नाव मी लिहीत नाही. सोनपेठकडून गंगेच्या कडेकडेनं निघालात तर लागेल, एवढं पुरे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. नकाशातलं नाव फक्त शाळेत. गढी गंगेच्या अगदी काठावर होती. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यातले दोन पाण्याकडे तोंड करून. भिंती इतक्या रुंद की वरून बैलगाडी जाईल, असं जो तो सांगे. गाडी वर नेलेली मात्र कुणी पाहिली नव्हती. नदीच्या अंगाला एक लहान दरवाजा होता. त्यातून देशमुखांच्या बायका अंघोळीला उतरत, आणि त्या उतरल्या की दुसऱ्या कुणी पाण्याकडे फिरकायचं नाही, मग घरी पोर तहानेनं रडत का असेना.

पहिल्या देशमुखाला हा मुलूख कुणी दिला आणि का दिला, याचा कागद गावात कुणी पाहिलेला नाही. निजामी अंमलात ते सारा गोळा करायचे, आपला हिस्सा ठेवून बाकीचा वर पाठवायचे, एवढं नक्की. त्या हिश्श्यातून गढी उभी राहिली. एक देशमुख घोड्यांचा शौकीन होता. एकानं हैदराबादेहून फोनो आणला आणि तो ऐकायला गाव भिंतीखाली उभं राहायचं. एक पंगतीला बसला की वाढणारे दमायचे. इतिहासाची बाई म्हणून मला सांगायला लाज वाटते, पण इतक्या पिढ्यांचं गावाला ठाऊक आहे ते एवढंच. कोण काय खायचा आणि काय ऐकायचा. त्या भिंतींची माती कुणी तुडवली, गंगेतून पाण्याचे हंडे कुणी वाहिले, यातलं एक नाव कुणाला सांगता येत नाही.

पोलीस ॲक्शननंतर देशमुखी गेली, कूळकायद्यात जमिनी गेल्या, भाऊबंद परभणी-हैदराबादला पांगले. मागे राहिलेल्यांनी आधी सागवानी तुळया विकल्या, मग खिळ्यांचा मोठा दरवाजा. तो आता कुठल्याशा शहरात हॉटेलच्या तोंडाशी लावलाय म्हणतात. भिंती काही विकता येईनात. मग त्या मान म्हणून राहिल्या.

तो मान असा. अक्षय तृतीया झाली की एका सकाळी देशमुख गढीच्या भिंतीवर चढायचे. मी पाहिले ते अप्पासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला रुमाल, मिशीला तेल. ते कुदळीचा पहिला घाव घालायचे आणि मातीचं पहिलं टोपलं दोन्ही हातांनी उचलून खालच्या माणसाला द्यायचे. मग गाव माती न्यायला मोकळं. गंमत बघा, आपल्याच हातानं आपली गढी दरवर्षी थोडी थोडी उतरवायची आणि त्याला मान म्हणायचं. पण मान तो मान. अप्पासाहेब ते टोपलं असं उचलायचे की जणू बारशाला बाळ हातात घेतलंय.

नियम दोन होते. माती वरूनच काढायची, बुरुजाच्या पायाला हात लावायचा नाही. पायाला कुदळ लावली त्याचं घर बसतं, असं म्हातारी माणसं सांगत. आणि दुसरा नियम, माती पाळीनं न्यायची. पाळी देशमुख लावायचे. आधी त्यांचे भाऊबंद, मग पाटील, मग वरच्या गल्ल्या, मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी आमची वस्ती. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, गंगेच्या वाटेवर. माझ्या आजोबांनी बुद्धधर्म घेतला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरातले जुने देव गंगेत गेले होते, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं होतं, पोरं शाळेत जात होती. पाळी मात्र तशीच होती. ती येईपर्यंत अप्पासाहेब वरून हात दाखवायचे. "बास आता. गढी ऱ्हाऊ द्या जराशी." मग आम्ही खाली सांडलेली माती झाडून गोळा करायचो. तिच्यात खडे, खापरं, शेळ्यांच्या लेंड्या. तीच वर टाकायची आणि पावसाची वाट बघायची.

मी तिसरीत होते त्या भाद्रपदात आमचं माळवद गळलं. थेंब थेंब नाही, धार लागली. माय बाळंतीण होती, बाळ आठ दिवसांचं. तिनं खाट ओढत ओढत घरभर फिरवली. जिथे नेईल तिथे वरून पाणी. परात, पातेलं, तांब्या, घरातलं प्रत्येक भांडं जमिनीवर मांडलेलं, आणि त्यात पाणी पडल्याचा आवाज. माझ्या वडिलांनी, दादांनी, वर चढून गोणपाटं अंथरली, त्यांनी काय होणार. दोन दिवसांनी बाळाची छाती भरली. सोनपेठला न्यायचं तर मधल्या ओढ्याला पूर. बारशाच्या आधीच ते गेलं. मुलगा होता. नाव ठेवायचं राहून गेलं.

हिवाळ्यात माय तुरी काढायला गेली, ज्वारी काढायला गेली, घरी येऊन भाकरी थापल्या. मला तेव्हा वाटायचं, ही विसरली. मोठ्या माणसांना विसरता येतं असं मी समजायचे. आता मी स्वतः मोठी होऊन म्हातारीही व्हायला लागले, तेव्हा कळतं की तसं काही नसतं.

पुढच्या वैशाखात दादा पाथरीकडे वीटभट्टीवर गेलेले. अप्पासाहेबांनी कुदळ मारली, पाळ्या लागल्या, आणि आमची पाळी आली तेव्हा नेहमीसारखा हात दाखवला. माय रिकामं टोपलं घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. वैशाखातली दुपार म्हणजे गावात चिटपाखरू नाही. कुत्रीसुद्धा पाण्याच्या नांदीखाली सावलीला पडलेली. मायनं मला हलवलं.

"सुमे, ऊठ. गंगंवर चल."

टोपल्यात धुणं होतं. धुण्याखाली कुदळ आणि खुरपं.

गंगेच्या अंगाच्या बुरुजाशी बाभळीचं रान होतं. तिथे कुणी जात नसे. पाणी पार पलीकडच्या काठाला सरकलेलं, मधे नुसती वाळू, आणि वाळूत टरबुजाच्या वाड्या. मायनं बुरुजाच्या पायाला कुदळ घातली. एकच घाव. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्यानंतर आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो. कुणी आलं नाही. पण मायनं कुदळ बाजूला ठेवली. ती नदीवर गेली, घागर भरून आणली, पाणी भिंतीला मारलं आणि बसून राहिली. माती ओली झाल्यावर तिनं खुरप्यानं कोरायला सुरुवात केली. खुरप्याचा आवाज होत नाही. पाणी मारायचं, थांबायचं, कोरायचं. त्या ओल्या पांढऱ्या मातीला एक वास होता, जुन्या रांजणाच्या तळाचा असतो तसा थंड. मी राखणीला उभी. कुणी दिसलं तर खोकायचं, असं ठरलेलं.

भरलेल्या टोपल्यावर माय ओलं लुगडं टाकायची. बघणाऱ्याला धुणं दिसायचं. असं रोज चाललं. आठवडा झाल्यावर शेजारची धुरपदाकाकू दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "शेवंते, रोज धुणं धुवायलीस आन दोरीवर तर एक चिंधी न्हाई." मायनं तिच्याकडे बघितलं आणि घरातलं दुसरं खुरपं तिच्या हातात दिलं. त्या दोघींनी मिळून रोहिणी निघेपर्यंत चार घरांची माळवदं भागतील एवढी माती काढली. मायनं वर चढून ती पसरली, पाणी शिंपडून तळहातानं नळीच्या उताराकडे दाबत नेली, लाकडी धुमसानं चोपली. त्या पावसाळ्यात झड लागली तेव्हा मी घरात उताणी झोपून वर बघत राहिले. वर कोरडं होतं. आयुष्यात पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. पण त्या दिवशीचं सुख मला दुसऱ्या कशात सापडलं नाही, हे मी खरं सांगते.

बुरुजाच्या पायाशी मात्र भोक पडलं होतं. मी आत मांडी घालून बसू शकेन एवढं. त्या वर्षी गंगेला पूर आला आणि पाण्यानं ते आणखी कोरलं. पूर ओसरल्यावर शाळेच्या गुरुजींनी आम्हाला नदीकाठी नेलं. गुरुजी नवे होते, नांदेडकडचे. बुरुजापुढे उभे राहून त्यांनी विचारलं, "हे भगदाड कशानं पडलं असेल, सांगा बरं?"

कुणीतरी म्हणालं, घुशीनं. कुणीतरी म्हणालं, कुणीतरी उकरलंय. ते दुसरं उत्तर कुणी उचलून धरायच्या आत मला काहीतरी बोलायला हवं होतं. आमच्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी किल्ले, बुरूज आणि तोफा होत्या. मी उभी राहिले.

"गुरुजी, तोफेचा गोळा लागला व्हता. माझ्या आज्यानं सांगितलंय."

आज्याचं नाव घेतलं कारण आजा मेलेला होता, त्याला विचारायला कुणी जाणार नव्हतं. गुरुजींना उत्तर फार आवडलं. त्यांनी ते अप्पासाहेबांना सांगितलं, आणि अप्पासाहेबांना तर इतकं आवडलं की दसऱ्याला आपट्याची पानं वाटता वाटता त्यांनी आपल्या पणजोबांनी ह्याच बुरुजावरून तोफेला तोंड दिल्याची हकिकत सगळ्यांना ऐकवली. पणजोबांनी गोळा छातीवर झेलला असं ते म्हणाले नाहीत, पण त्यापासून फार लांबही नव्हते. तोफ कुणाची, यावर मात्र कधी एकमत झालं नाही. आधी रोहिल्यांची होती. मग निजामाच्या फौजेची झाली. पुढे कुणी इंग्रजांची म्हणू लागलं. दरवर्षी शत्रू बदलत गेला, भोक तेच राहिलं.

आणि मी इतिहासाची बाई झाले. दैव कधी कधी माणसाची अशी थट्टा करतं. पेडगावला शिकवलं, पाथरीला शिकवलं, आणि प्रत्येक वर्गात घसा फोडून सांगितलं, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पुरावा बघा. सुट्टीत गावी आले की त्या भोकासमोरून जाताना मान खाली घालायचे. आतल्या बाजूला, पुराचं पाणी पोचलं नाही तिथे, खुरप्याचे ओरखडे आहेत. गोळ्याला बोटं नसतात, हे कुठल्याही पोराला कळलं असतं, जर कुणी वाकून आत बघितलं असतं. कुणी बघितलं नाही. मीही कुणाला बघायला सांगितलं नाही. पुराव्याच्या गोष्टी करणाऱ्या बाईनं आपल्या गावचा पुरावा चाळीस-पन्नास वर्षं दडवून ठेवला.

दरम्यान स्लॅब आले. पांढऱ्या मातीची गरज संपली, पहिल्या टोपल्याचा मान संपला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही माती रानात टाकली की पीक तरारतं, आणि भिंती ट्रॅक्टरनं रानात गेल्या. तीन बुरूज गेले. चौथा राहिला, कारण त्याला तोफ लागली होती. माझ्या खोटेपणानं तेवढा एक बुरूज वाचवला, हेही इथे सांगायला हवं. फक्त सोयीचं तेवढं सांगायचं तर मग मी हे लिहायलाच बसले नसते. आता पोरं त्या भोकात बसून फोटो काढतात.

रिटायर झाल्यावर मी मायपाशी गावीच राहायला आले. यंदाच्या वैशाखात सरपंच घरी आला. पाथरीच्या शाळेतला माझाच विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, गढीपाशी माहितीचा फलक लावायचाय. लोखंडी, चांगला मोठा. तुमच्यावाणी इतिहास कुणाला येतो? सोनपेठच्या पेंटरला पावसाच्या आत मजकूर द्यायचाय. जागा बापूसाहेब देशमुखांच्या नावावर हाय, त्यांची फक्त सही घेऊ." मी हो म्हटलं. तो गेला आणि मी वही उघडून बसले. तोफ लिहायची नाही, हे मी पेन उचलायच्या आधीच ठरवलं होतं. वर्गात खोटं बोलणं आणि विसरून जाणं वेगळं. लोखंडावर खोटं लिहायचं, तेही इतिहासाच्या बाईनं, ते माझ्या हातून होणार नव्हतं.

माय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. मी तिला सांगितलं. ती गहू निवडत होती, म्हणजे हातानं चाचपत होती. हात थांबला.

"माझं नाव लिहितीस?"

"हो."

"चोर म्हणून?"

"चोर कशाला म्हणीन, माय?"

"दुसरं काय म्हणतील लोक? पायाची माती काढली म्हणतील. इतकी वर्सं मी गपचिप काढली आन आता तू लोखंडावर लिहितीस. पुसायचंबी न्हाई ते. मी मेल्यावर तर न्हाईच न्हाई."

मग ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी हट्टी आहे हे खरं आहे. मुलगा म्हणतो, आई, तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा. पण खाण तशी माती. मी वही बंद केली नाही आणि तिनं तोंड उघडलं नाही. मजकूर काय लिहायचा ते मला पाठ होतं. तिच्या संमतीवाचून लिहायचा नाही, हेही तितकंच पक्कं होतं. आपल्या मायचं खरं तिच्या मर्जीविरुद्ध जगापुढे मांडायचं, हाही एक प्रकारचा देशमुखीपणाच झाला असता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापूसाहेब आले. अप्पासाहेबांचे हे थोरले चिरंजीव. जन्म एसटीत कंडक्टर म्हणून काढला, आता गावात राहतात. अजून लग्नात पंगतीपाशी गर्दी झाली की त्यांच्या तोंडून आपसूक निघतं, पुढं सरका, पुढं सरका. त्यांचे वडील आमच्या दारात कधी उभे राहिले नव्हते. बापूसाहेब खुर्ची ओढून बसले आणि चहात साखर नको म्हणाले, शुगर आहे.

"बाई, सरपंच म्हनत व्हता, तुमी तोफ काढायलाव."

मी सगळं सांगितलं. दुपार, घागर, खुरपं, गुरुजी, मेलेला आजा. काही लपवलं नाही. ते ऐकत राहिले. बशीतला चहा निवून गेला.

"म्हंजे आमचा खापरपणजोबा तुमी शाळंत असताना तयार केला," ते म्हणाले.

"खापरपणजोबा होते, बापूसाहेब. तोफ मी दिली."

ते हसले, पण ते हसणं लगेच विझलं. "बाई, जमीन गेली, दरवाजा गेला. मी जन्मभर तिकिटं फाडली. गाडीत कुणी विचारायचं, कोणते देशमुख? मी म्हनायचो, तोफवाले. लोक सरकून जागा द्यायचे हो. तेवढंच व्हतं बघा आमच्यापाशी." मला वाईट वाटलं. खोटी असली तरी ती गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रेमानं सांभाळली होती. पण वाईट वाटलं म्हणून तोफ परत देता येत नव्हती.

ते मायकडे वळले. "मावशी, तुमी तरी सांगा लेकीला. तुमालाबी नकोच हाय म्हणं. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या की."

माय खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, झालं, आता हिनं हो म्हटलं की संपलं.

"माझं नको म्हणणं येगळं, बापूसाहेब, आन तुमचं येगळं," ती म्हणाली. "मी लाजून गप ऱ्हायले. तुमी माझ्या गप ऱ्हाण्यावर मिरवायलाव. त्यापरीस मला चोर म्हनलेलं चालंल." मग माझ्याकडे तोंड करून, "सुमे, वही घे."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. ह्या बुरुजाला तोफ लागलेली न्हाई. गावाला गढीची माती पाळीनं मिळायची. पाळी देशमुख लावायचे. खालच्या वस्तीची पाळी शेवटी व्हती आन तवर माती उरायची न्हाई. म्हणून शेवंता आन धुरपदा, ह्या दोघींनी घर गळू नये म्हणून बुरुजाच्या पायाची माती खुरप्यानं काढली.

"काढली लिही," तिनं बजावलं. "चोरली लिहायचं न्हाई. गढी रचायलाबी आमचीच मानसं व्हती."

बापूसाहेबांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, दोनदा वाचलं. "पाळी देशमुख लावायचे. कोणते देशमुख, तेबी लिहिणार?"

"नाव नसेल तर तो इतिहास नाही," मी म्हटलं.

"मग आज्याचं घाला. वडलांचं नको. नातवंडं येत्यात दिवाळीला, वाचत्याल."

"त्या वर्षी टोपलं अप्पासाहेबांनी उचललं होतं, बापूसाहेब. पाळी त्यांनीच लावली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. मला ते सोपं गेलं असं कुणी समजू नये. हा माणूस चांगला आहे आणि त्याच्या हातात माझ्या घरचा कप होता. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं. "मंग घोडे लिहा आन फोनोबी लिहा," ते म्हणाले. "ते तर खरं हाय." मी म्हटलं, लिहिते, पहिल्याच ओळीत. त्यांनी सही केली, उरलेला थंड चहा पिऊन टाकला आणि काठी टेकत गेले.

मजकूर मी पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवला. घोडे आले, फोनो आला, अप्पासाहेब आले, शेवंता आणि धुरपदा आल्या. वाचून दाखवला. माय मान हलवत ऐकत होती. 'घर गळू नये म्हणून' या शब्दांपाशी मी थांबले. मला ते शब्द फार थोडे वाटले. ज्यानं ते घर गळताना पाहिलं नाही, त्याला काय कळणार?

"माय," मी विचारलं, "बाळाचं लिहू?"

तिचा हात खाटेच्या कडेवरून फिरत होता.

"फलकावर नको," ती म्हणाली. "येणारं-जाणारं मानूस उभ्या उभ्या वाचतंय, फोटू काढतंय, जातंय. त्याचं तसं वाचायचं न्हाई. कुणी बसून ऐकंल तर सांग."

तुम्ही बसलेले असाल, असं धरून मी हे लिहिलं आहे.